साक्री परिसरातील भित्ती

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात व सभोवतालच्या प्रदेशात दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांना उभे छेदून गेलेल्या बेसाल्ट व डोलेराइट खडकांच्या लांब, अरुंद राशी. साक्री हे कान नदीवरील गाव. येथे फुजियामासारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी आढळत नाही. सु. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमधील उद्रेक मुख्यत्वे भूकवचातील भेगांतून झाले. आइसलँडमध्ये १७८३ साली सु. २७ किमी. लांबीच्या लाकी भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत होता. दख्खनमधील उद्रेकांपुढे तो फारच लहान ठरतो. दक्षिण ट्रॅपने आजही सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापले आहे.

भेगांत राहिलेला शिलारस थिजून भित्ती बनल्या. प्रत्येक भित्तीने पृष्ठभागापर्यंत लाव्हा पोहोचविलाच, असे मात्र नाही; काही शिलारस वाटेतच थिजला असावा. तापी व खालच्या नर्मदा खोऱ्यांच्या भूविज्ञानावरील विल्यम ब्लॅनफर्ड यांचा ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नंदुरबार-धुळे पट्ट्यातील १४,५०० चौ. किमी. क्षेत्रात १ किमी.हून लांब अशा २१० भित्तींची नोंद झाली. त्यांची जाडी ३ ते ६२ मी. असून साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी भित्ती ७९ किमी. लांब आहे. बहुतेक भित्ती पूर्व-पश्चिम असल्याने त्या काळी भूकवच उत्तर-दक्षिण ताणले जात होते, असे अनुमान निघते.

सभोवतालचे लाव्हाथर फार अपक्षीण झालेले असून त्यांतील वायुपोकळ्यांत झिओलाइट खनिजे भरलेली आहेत. ते लवकर झिजतात. कठीण भित्ती मात्र मागे उरून माळावर बांधासारख्या लांबच लांब धारा दिसतात.

या अवर्षणप्रवण भागात भित्तींचे खरे महत्त्व पाण्याच्या दृष्टीने आहे. शिलारस थिजताना पडलेले संधी व नंतरच्या भेगा पुरेशा असतील, तर भित्तीत पाणी साठते व तिच्या लांबीच्या दिशेने वाहते. अखंड व घट्ट भित्ती भूमिगत बांधासारखी पाणी अडविते. त्यामुळे एकाच भित्तीच्या दोन बाजूंच्या विहिरींतील पातळीत मोठा फरक पडू शकतो. विहिरीची जागा निवडताना भित्ती जवळ आहे एवढे पाहणे पुरत नाही. ती किती भेगाळलेली आहे व भूजलाच्या प्रवाहाला आडवी आहे की समांतर, हेही तपासावे लागते.