नाटक निवडायचं कुणी? अथेन्सपासून एडिंबरापर्यंत

नाट्यमहोत्सवांच्या इतिहासाकडे आज आपण एका अगदी व्यवहारातल्या प्रश्नापासून जाऊ या. शहरात महोत्सव आहे, हातात कार्यक्रमपत्रिका आहे आणि आपण पेन्सिल घेऊन खुणा करायला बसलो आहोत. सातचं नाटक धरलं तर साडेसातचं हुकतं. दोन्ही धरावीत, तर नाट्यगृहं शहराच्या दोन टोकांना. मग बघायचं काय?

ही अडचण आपल्याला नेहमीची वाटते. पण अडीच हजार वर्षांच्या नाट्येतिहासात ती अगदी अलीकडची आहे. पूर्वी निवड व्हायची, पण ती प्रेक्षक करत नव्हता.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातलं अथेन्स घ्या. डायोनिसस देवाचा शहरी उत्सव वसंत ऋतूत भरायचा. शोकांतिकेच्या स्पर्धेत नाटककार तीनच असत. ते कोण, हे ठरवायचा अर्खोन, म्हणजे त्या वर्षीचा मुख्य अधिकारी. त्याने नाटककाराला 'कोरस दिला', की नाटक उभं राहिलं. नाही दिला, तर संपलं. रंगस्थळ एकच, आणि नाटकं एकामागून एक. प्रेक्षकाने काय बघायचं? जे लागेल ते सगळं! उत्सवाआधी 'प्रोअगोन' नावाचा एक समारंभ व्हायचा. त्यात नाटककार आपापल्या नटांसह लोकांपुढे येऊन नाटकांचे विषय सांगत. म्हणजे आजच्या पत्रिकेतला परिचयच म्हणा ना. फरक इतकाच, की तो ऐकून कुणाला काही निवडायचं नव्हतं.

आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला केंद्रावर रोज संध्याकाळी जाऊन बसणारे रसिक असतात. एकच नाट्यगृह, लागेल ते नाटक. त्यांना अथेन्सचा हा प्रकार लगेच ओळखीचा वाटेल.

आता अर्खोन आणि परीक्षक नेहमी बरोबर ठरत होते का? इ. स. पू. 431 मध्ये युरिपिडीसचं 'मिडिया' ज्या गटात होतं, त्याला तिघांत तिसरा क्रमांक मिळाला. आज त्या वर्षीचं आपण कुठलं नाटक वाचतो? 'मिडिया'च. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथून आपण एकदम 1947 मध्ये येतो. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. संचालक होते रुडॉल्फ बिंग. इथेही निवड आयोजकांचीच होती. लंडनहून ओल्ड विक ही संस्था शेक्सपिअर घेऊन आली, फ्रान्सहून लुई जूव्हे मोलिएर घेऊन आले. थोडक्यात, हे अर्खोनचंच नवं रूप.

पण त्याच वर्षी एक निराळी गोष्ट घडली. आमंत्रण नसलेल्या आठ संस्था तिथे आपणहून दाखल झाल्या. सहा स्कॉटलंडच्या, दोन इंग्लंडच्या. मोठी नाट्यगृहं मिळणार नव्हतीच, तेव्हा मिळेल ती जागा त्यांनी धरली. ग्लासगोच्या युनिटी थिएटरने गॉर्कीचं नाटक केलं. कळसूत्री बाहुल्यांचे खेळ एका सिनेमागृहात झाले. एक प्रयोग तर फोर्थच्या खाडीपलीकडे डनफर्मलिनच्या जुन्या चर्चमध्ये झाला! पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने वर्तमानपत्रात लिहिताना अशा प्रयोगांसाठी 'फ्रिंज', म्हणजे कडेची झालर, हा शब्द वापरला. तेच नाव रुजलं.

प्रेक्षकाची पंचाईत सुरू झाली ती इथे. कुठे काय चाललंय, हे कळणार कसं? 1954 मध्ये सी. जे. कझलँड या स्थानिक छापखानदाराने या सगळ्या प्रयोगांची एकत्र पत्रिका छापली. नाट्येतिहासात हा कागद आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. शेजारी शेजारी छापलेली, कुणीही न निवडलेली नाटकं प्रेक्षकाच्या हातात आली. अर्खोनचं काम आता त्याच्याकडे आलं. 1958 मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली, ती माहिती देण्यासाठी, तिकिटं विकण्यासाठी, पत्रिका छापण्यासाठी. पण कुठलं नाटक व्हावं नि कुठलं नको, यात सोसायटीने पडायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

याचा फायदा काय झाला? 1966 मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या एका हॉलमध्ये 29 वर्षांच्या टॉम स्टॉपर्डचं 'रोझेनक्रांट्झ अँड गिल्डेनस्टर्न आर डेड' केलं. समीक्षक रोनाल्ड ब्रायडनने 'ऑब्झर्व्हर'मध्ये त्याचं कौतुक केलं, आणि 1967 च्या एप्रिलमध्ये ते लंडनच्या नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणलं. कुणीतरी त्या हॉलची पायरी चढलं म्हणून हे घडलं.

दुसरी बाजूही बघायला हवी. निवडणारं कुणी नाही, म्हणजे सांभाळणारंही कुणी नाही. जागेचं भाडं, प्रवास, राहणं, सगळा खर्च संस्थेच्या अंगावर. प्रेक्षक आले नाहीत तर तोटा तिचाच. 2019 मध्ये या फ्रिंजमध्ये 3,800 हून जास्त नाटकं आणि कार्यक्रम होते. समजा, आपण रोज पाच याप्रमाणे 25 दिवस बघत राहिलो. किती होतात? 125. शंभरातले तीन-साडेतीन! उरलेले आपण न बघताच नाकारतो. मग होतं काय, की आपण ओळखीचं नाव बघतो, टीव्हीवरचा चेहरा बघतो, आणि नवी संस्था चार प्रेक्षकांसमोर खेळ करून घरी जाते. हे ओळखूनच 'स्कॉट्समन' या वर्तमानपत्राने 1973 पासून फक्त नव्या नाटकांसाठी 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार सुरू केले.

तेव्हा पुण्यात, मुंबईत, पणजीत, कुठेही महोत्सवाची पत्रिका हातात आली, की आम्ही सुचवू ते एवढंच. नावाजलेली नाटकं जरूर बघा, ती उगीच नावाजलेली नसतात. अंतर आणि वेळा आधी जुळवा, नाहीतर निम्मी संध्याकाळ रिक्षात जाते. पण एखादा खेळ असा धरा, ज्याच्या लेखकाचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही. शिवाय एक संध्याकाळ मोकळी ठेवा. मध्यंतरात चहा पिताना शेजारचा प्रेक्षक सांगेल, 'अहो, ते अमुक बघा, चुकवू नका', त्यासाठी ती असू द्या.

ते नाटक कधीकधी फसेल. फसू द्या. अथेन्सचे परीक्षकही 'मिडिया'च्या बाबतीत चुकले होते. पण निदान त्यांनी ती बघितली तरी होती.

आता प्रश्न घेऊ या.