सतीर्थ्यभाव आणि दूरस्थ शिक्षण

एकाच गुरूपाशी शिकणाऱ्या सहाध्यायास संस्कृतात ‘सतीर्थ्य’ म्हणतात. ह्या शब्दाची सिद्धी सांगताना पाणिनीने त्यात ‘वास’ हा अर्थ गृहीत धरला आहे. ‘अंतेवासी’ ह्या शब्दात तर तो उघडच दिसतो. सहवासावाचून सहाध्ययन नाही, ही कल्पना अशी भाषेतच रुजलेली आहे. मग जे विद्यार्थी एकमेकांस कधी भेटतच नाहीत, त्यांच्यात सतीर्थ्यभाव उत्पन्न होऊ शकतो काय? संगणकाद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमांमुळे हा प्रश्न आज निकडीचा झाला असला, तरी तो नवा नव्हे.

१८७३ साली बोस्टन येथे ॲना टिकनॉर ह्या विदुषीने स्त्रियांना घरी राहून अध्ययन करता यावे म्हणून एक संस्था स्थापिली. सुमारे २४ वर्षांत ७ हजार स्त्रियांनी तिचा लाभ घेतला. विद्यार्थिनीस दरमहा पत्र लिहिणारी मार्गदर्शिका नेमलेली असे. ह्या पत्रांत आत्मीयता होती. परंतु ती मुख्यतः शिकविणारी आणि शिकणारी ह्या दोघींपुरतीच होती.

१८७८ साली न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा येथे जॉन व्हिन्सेंट ह्यांनी आरंभिलेल्या वाचनमंडळाने पुढचे पाऊल टाकले. त्याचा क्रम चार वर्षांचा असून सर्व सभासद ठरलेल्या काळात तीच पुस्तके वाचीत. गावोगावी वाचकांची लहान मंडळे निघाली. प्रत्येक वर्षाच्या तुकडीस स्वतःचे नाव असे आणि क्रम पुरा करणाऱ्यांचा समारंभपूर्वक गौरव होई. विखुरलेल्या वाचकांना येथे एक समान दिनदर्शिका व एक समान नाव लाभले. समुदाय होण्यास एवढे पुष्कळ असते.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठास १९६९ साली सनद मिळाली व १९७१ साली तेथे अध्यापन सुरू झाले. नभोवाणी व दूरचित्रवाणी हाताशी असूनही त्या विद्यापीठाने स्थानिक अभ्यासकेंद्रे उघडली आणि पायाभूत अभ्यासक्रमांस आठवड्याचे निवासी उन्हाळी वर्ग जोडले. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही अभ्यासकेंद्रांचाच आश्रय घेतला. प्रक्षेपणाने विद्या पोहोचते, सोबत पोहोचत नाही, ही जाणीव ह्या दोन्ही योजनांमागे दिसते.

संगणकाने मात्र विद्यार्थ्यास विद्यार्थ्याशी थेट बोलते केले. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ ह्या शिक्षणयंत्रणेत १९७३ साली टिपणे लिहून परस्परांस उत्तरे देण्याची सोय झाली. ब्रिटिश मुक्त विद्यापीठाने १९८८ साली अशीच सोय एका मोठ्या अभ्यासक्रमास जोडली. परंतु सोय झाली म्हणून संवाद झाला, असे होत नाही. वाचणारे अनेक आणि लिहिणारे थोडे, हा अनुभव तेथेही आला. २००० साली गॅरिसन, अँडरसन व आर्चर ह्या कॅनडातील संशोधकांनी अशा अध्ययनाची तीन अंगे सांगितली: बौद्धिक, सामाजिक आणि अध्यापकीय उपस्थिती. ह्यांतील तिसरे अंग महत्त्वाचे. कारण चर्चेची आखणी करणारा व तिला दिशा देणारा कोणी नसेल, तर पहिली दोन दुबळी राहतात.

ह्या इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. टपाल, नभोवाणी किंवा संगणक ह्यांपैकी कोणत्याही साधनाने आपोआप समुदाय घडविला नाही. जेथे काळ समान होता, कार्य समान होते आणि लिहिलेल्यास उत्तर मिळण्याची खात्री होती, तेथेच तो घडला. चर्चेस जागा खुली करून अध्यापकाने बाजूस होणे म्हणजे पाठशाळा बांधून गुरूने निघून जाण्यासारखे होय. ‘सतीर्थ्य’ शब्दातील वास आता एका छपराखालचा राहिला नसेल. तथापि तीर्थ, म्हणजे गुरू, त्यातून वगळता येत नाही.