मातीतली पिंपरी

पिंपरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला टेल्को आठवते, बजाज आठवते. आम्हा जुन्या पिंपरीकरांना आधी आठवते ती 'एच.ए.', म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना.

आमच्या शेजारचे काका तिथे कामाला होते. लहानपणी त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही कंपनीत काय बनवता?" ते म्हणाले, "बनवत नाही रे, पाळतो. बुरशी पाळतो." मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती हे कळायला बरीच वर्षं गेली.

पेनिसिलिन देणारी बुरशी ही शेतकऱ्याच्या बियाण्यासारखीच असते, वाण जपावं लागतं. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावी एका खरबुजावर चांगला वाण सापडला. मग त्याच्यावर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून जनुकांत बदल घडवले आणि जास्त पेनिसिलिन देणारे तेवढे निवडले. डीएनएची रचना कळली १९५३ मध्ये. म्हणजे जनुक आतून कसं दिसतं हे ठाऊक नसतानाच माणूस ते वाकवायला शिकला होता!

तर, या बुरशी पाळणाऱ्या कारखान्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते डॉ. एम. जे. तिरुमलाचार. मूळचे बुरशीचे अभ्यासक. आणि त्यांनी शोधलं काय, तर बुरशी मारणारं औषध! पिंपरीच्या मातीत त्यांना एक स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जिवाणू मिळाला. (पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो ना, तो बराचसा याच कुळाचा.) या जिवाणूपासून १९६१ मध्ये हमायसिन जाहीर झालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल. हमायसिनच्या कुळातली औषधं अर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट पकडतात आणि आवरण निकामी करतात. पुढे पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिनही याच प्रयोगशाळेतून आलं.

न्यूयॉर्क राज्यावरून निस्टॅटिनचं नाव पडलं, तसं 'हमायसिन'मधलं पहिलं अक्षर कारखान्याचं. आणि जिवाणूचं नाव? स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपलं गाव शास्त्राच्या वहीत असं कायमचं लिहिलं गेलंय, आणि गावात किती जणांना ठाऊक आहे?

ज्या वर्षी पिंपरीत कंपनी स्थापन झाली त्याच १९५४ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड हॉपवूड नावाच्या तरुणाने स्ट्रेप्टोमायसिसच्या आनुवंशिकतेवर काम सुरू केलं. त्यातून काही औषध निघेल अशी तेव्हा कुणाची अपेक्षा नव्हती. तीस वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांच्या गटाने एक अख्खं प्रतिजैविक बनवणारी सगळी जनुकं एकत्र वेगळी काढली. २००२ मध्ये त्यांच्या जिवाणूचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. सुमारे ८७ लाख अक्षरं! त्यात अशी रसायनं घडवणारे वीसहून अधिक जनुकगट निघाले, बरेचसे आधी कुणाच्या लक्षातही न आलेले. एकाच जिवाणूत इतकी औषधं दडलेली असू शकतात, हे त्यातून उमगलं.

एकाने मातीतून औषध काढलं, दुसऱ्याने ते कसं बनतं ते वाचलं. मोठं कोण, हा प्रश्न मला फोल वाटतो. पण एक गोष्ट टोचते. कारखान्याची प्रयोगशाळा औषधासाठी असते, औषध मिळालं की तिचं काम संपतं. 'का' आणि 'कसं' विचारत तीस वर्षं बसायची मुभा हिशेबाच्या वहीत कुठे लिहायची? पुढे तिरुमलाचार अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले. हमायसिन राहिलं, पण व्हेनेझुएलाच्या मातीतून आलेलं अँफोटेरिसिन बी जगभर पोचलं तसं ते पोचलं नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं. बातमी वाचली तेव्हा मला काका आठवले. पिंपरीतल्या जमिनीचा भाव आता कुणीही सांगेल. याच मातीच्या चिमूटभरात काय होतं, हे एका माणसाने एकदा बघितलं होतं.

असो. या पावसाळ्यात एच.ए.वरून जाताना मातीचा वास आला, तर क्षणभर थांबा.