फँटासाउंड : आवाज फिरवणारे यंत्र

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बेसमेंटमध्ये आता होम थिएटर असते. पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणून ५.१. स्पीकर काय, सेलमध्येही मिळतात! पण कुठल्या स्पीकरमधून केव्हा आणि किती आवाज यावा, हे ठरवायचे कसे? हा प्रश्न वॉल्ट डिस्नेच्या इंजिनिअरांपुढे १९४० च्या आधीच उभा राहिला होता.

रिम्स्की-कोर्साकोव्हच्या संगीतातला भुंगा प्रेक्षकांभोवती गुणगुणत फिरावा, अशी डिस्नेची कल्पना. भुंगा ‘फँटेसिया’त आलाच नाही, पण त्याच ध्यासातून ‘फँटासाउंड’ मात्र आले.

आवाज डावीकडून उजवीकडे न्यायचा तर एक स्पीकर हळूहळू बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. सोपे वाटते ना? पण मध्यावर दोघांना अर्धा-अर्धा विद्युतदाब दिला, तर आवाज तिथे खड्ड्यात पडल्यासारखा वाटतो. साधारण ७१ टक्के दिला, की एकूण शक्ती कायम राहते. विल्यम गॅरिटी आणि जॉन हॉकिन्स यांच्या चमूने हे काम करणारे उपकरण बनवले आणि त्याला ‘पॅनपॉट’ म्हटले.

दुसरी युक्ती मला त्याहून आवडते. लिओपोल्ड स्टोकोव्स्कीच्या संगीताचे तीन ट्रॅक वेगळ्या फिल्मवर होते. तिच्यावरच्या चौथ्या ट्रॅकमध्ये संगीत नव्हतेच! होते फक्त तीन वेगवेगळे सूर. प्रत्येक सुराची तीव्रता थिएटरातल्या एकेका चॅनेलचा आवाज कमीजास्त करी. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत हा मेटाडेटा. २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी अॅटमॉसमध्येही आवाजासोबत त्याच्या जागेची माहिती जाते, तेव्हा मला या चौथ्या ट्रॅकची आठवण होते.

१३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात चित्रपट झळकला. पण एका संचाचा खर्च होता सुमारे ८५ हजार डॉलर! तो मोजक्याच शहरांत बसवला गेला. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झालेली. पुढे वितरकांनी चित्रपट साध्या एका चॅनेलच्या आवाजात गावोगावी नेला.

मूळ ट्रॅक नायट्रेट फिल्मवर, म्हणजे नाशवंत. १९५५ मध्ये ते टेलिफोनच्या तारांवरून दुसऱ्या स्टुडिओत पाठवून चुंबकीय फितीवर उतरवले. या प्रवासात वरच्या पट्टीतले बारकावे गेले, पण संगीत वाचले. आज ‘फँटेसिया’त आपण स्टोकोव्स्कीला ऐकतो, ते याच प्रतीमुळे. फँटासाउंडचे संच कधीच मोडीत निघाले. मिक्सरवरच्या त्या गोल खुंटीला मात्र साउंड इंजिनिअर अजूनही पॅनपॉटच म्हणतात.