बोजारा

लहान मुलाच्या हातावर ठेवावयाचा खाऊ हा इतिहासाचा विषय होऊं शकतो, असें म्हटल्यास पुष्कळांस तें हास्यास्पद वाटेल. तहनामे, सनदा आणि लढाया यांचाच विचार करण्याची ज्यांस संवय जडली आहे, त्यांस मूठभर फुटाण्यांत किंवा चकचकीत कागदांत गुंडाळलेल्या चॉकलेटांत शोधण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. परंतु समाजांतील देण्याघेण्याच्या ज्या रीति कोणत्याही दफ्तरांत नोंदल्या गेल्या नाहींत, त्या पुष्कळदां मुलांच्या खेळांतच टिकून राहतात. आईचें जुनें लुगडें फाटलें म्हणजे त्याच्या चिंध्या मुली बाहुलीला नेसवितात. तसाच मोठ्यांच्या व्यवहारांतून गळून पडलेला एखादा हक्क मुलें सणाच्या दिवशीं घरोघर मागत फिरतात. नागपूरच्या तान्ह्या पोळ्याचा बोजारा हा असाच एक हक्क आहे. त्या दिवशीं दाराशीं आलेल्या मुलांस काय द्यावें, हा दरवर्षीं घरोघरीं पडणारा प्रश्न या दृष्टीनें पाहिला म्हणजे वाटतो तितका साधा राहत नाहीं.

विदर्भाबाहेरील वाचकांकरितां प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. श्रावण वद्य अमावास्येस आमच्याकडे बैलांचा पोळा भरतो. त्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, लहान मुलांचा पोळा असतो. त्याला तान्हा पोळा म्हणतात. मुलें लाकडाचे किंवा मातीचे बैल सजवितात, चाकें लावलेल्या लाकडी बैलांना दोरी बांधून ते ओढीत नेतात, आणि पोळा फुटल्यावर ते बैल घेऊन घरोघर जातात. घरधनीण बैलाला व मुलाला ओंवाळते आणि मुलाच्या हातांत पैसा किंवा खाऊ ठेवते. या देणगीस बोजारा असें नांव आहे. त्याच दिवशीं शहरांतून काळ्या व पिवळ्या मारबतींच्या मिरवणुकी निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची व पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. रोगराई, इडापिडा आणि लोकांस नकोशा झालेल्या सर्व गोष्टी त्या पुतळ्यांबरोबर गांवाबाहेर घालवून द्यावयाच्या, अशी त्यांमागील कल्पना. एका बाजूस अमंगळ घालवून देण्याचा गलबला आणि दुसऱ्या बाजूस दारोदार हात पुढें करणारीं मुलें, असा हा दिवस आहे. पाश्चात्त्य देशांतील ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनची आठवण व्हावी असें हें दृश्य आहे, आणि हें साम्य केवळ वरवरचें नाहीं, हें पुढें दिसून येईल.

तान्हा पोळा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं १८०६ सालीं सुरू केला, अशी नागपुरांत परंपरा आहे. बैलाचें महत्त्व मुलांच्या मनावर बिंबावें म्हणून राजानें लाकडी बैल करवून मुलांचा पोळा भरविला व त्यांस खाऊ आणि पैसे वांटले, असें सांगतात. महालांतील भोसल्यांच्या वाड्यांत मोठ्या लाकडी बैलाची पूजा होत आली आहे. या सालाच्या मागेंपुढें काय चाललें होतें हें लक्षांत घेतलें म्हणजे ही कथा अधिक अर्थपूर्ण वाटूं लागते. १८०३ सालीं अडगांवच्या लढाईंत भोसल्यांचा पराभव झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेचें वऱ्हाड त्यांच्या हातून गेलें. ज्या राजाचा मुलूख असा तुटला होता, त्याच्या नांवावर लोकस्मृतीनें तहाची नव्हे, तर मुलांना वांटलेल्या खाऊची आठवण जपून ठेवली आहे.

परंतु बोजारा हा शब्द राजवाड्यांत जन्मलेला दिसत नाहीं. त्याचें घर खेड्यांत आहे. मोठ्या पोळ्याच्या दिवशीं गांवाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचें तोरण बांधतात. त्याखालीं बैलजोड्या उभ्या राहतात. झडत्या म्हटल्या जातात. आणि मानकऱ्यानें तोरण तोडलें कीं पोळा फुटतो. येथपर्यंतचा सर्व भाग मानाचा आहे. कोणाची जोडी पुढें उभी राहावी यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचीं भांडणें झालेलीं आहेत. पण पोळा फुटल्यानंतर जें होतें त्यांत मानाचा क्रम उलटा होतो. बैल मारुतीच्या देवळास नेऊन आणल्यावर ते घरोघर नेतात, तेथें त्यांना ओंवाळतात, आणि बैल धरून आणणाऱ्या माणसास जी रक्कम देतात तिचें नांव बोजारा. बैलाची मालकी घरधन्याची असते. पण वर्षभर त्या बैलांमागें चिखलांत चालणारा, वखरणी आणि डवरणी करणारा, रात्रीं उठून त्यांस कडबा टाकणारा, तो सालदार किंवा गडी असतो. त्या एका संध्याकाळीं तो बैलाची दोरी धरून दाराशीं उभा राहतो आणि घरधन्यास आंतून बाहेर यावें लागतें.

हें देणें भिक्षा नव्हे. भिक्षेकरी देणाऱ्यास पुण्य देतो. वासुदेव गाणें म्हणतो. गड्यानें द्यावयाचें तें वर्षभर शेतांत देऊन टाकलेलें असतें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत ज्या बलुत्यांचें वर्णन केलें आहे, त्या बलुत्यांत आणि बोजाऱ्यांत फरक आहे, पण नातेंही आहे. बलुतें धान्याच्या राशीवर मिळावयाचें, बोजारा सणाच्या दिवशीं दारांत. दोहोंच्या मागें केलेल्या कामाचें स्मरण आहे. बलुत्याच्या रीतीत जातीचा जाच होता, आणि सालदाराच्या जीवनांत कर्जाचा. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. तथापि वर्षांतून एक संध्याकाळ अशी होती कीं, त्या दिवशीं श्रम करणाऱ्याचें येणें आहे ही गोष्ट गांवानें उघडपणें कबूल केलेली होती, एवढें नमूद केलें पाहिजे.

हॅलोविनच्या इतिहासांत नेमका हाच क्रम दिसतो. इंग्लंडांत नोव्हेंबरच्या पहिल्या व दुसऱ्या तारखांस संतांचें व मृतांचें स्मरण करीत. त्या सुमारास गरीब लोक घरोघर जात. घरांतील मृतांच्या आत्म्यांकरितां प्रार्थना करण्याचें वचन देत. आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांस लहान गोड भाकऱ्या मिळत. त्यांना आत्म्याच्या भाकऱ्याच म्हणत. शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकांत या सणाच्या भिकाऱ्याच्या रडक्या सुराचा उल्लेख आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट प्रेक्षकांच्या सहज ओळखीची होती. पुढें धर्ममतें पालटलीं, मृतांसाठीं प्रार्थना करण्याची रीत मागें पडली, आणि प्रौढ गरिबांची ती फेरी हळूहळू मुलांची झाली. स्कॉटलंड व आयर्लंड येथील सोंगें घेऊन फिरण्याची चाल तेथून गेलेल्या लोकांबरोबर अमेरिकेंत पोंचली. ‘खाऊ द्या, नाहींतर खोडी काढूं’ या अर्थाचा जो प्रसिद्ध पुकारा आहे, तो १९२७ सालच्या कॅनडांतील वृत्तपत्रांत आढळतो. या धमकीचें मराठी वाचकांस नवल वाटण्याचें कारण नाहीं. होळीकरितां लाकडें व गोंवऱ्या मागणाऱ्या पोरांस ज्यानें नकार दिला, त्याच्या कुंपणाचें पहांटे काय होई, हें शिमगा पाहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तान्ह्या पोळ्यांत मात्र धमकी नाहीं. ज्याचें येणें आहे असें सर्वांस मान्य असतें, त्याला धमकी देण्याची गरज पडत नसावी.

आतां खाऊच्या निवडीकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं, १९४२ पासून १९४७ पर्यंत, अमेरिकेंत साखरेवर नियंत्रण होतें. त्यानंतर कारखान्यांत तयार झालेल्या मिठाईचा सुकाळ झाला. तरीही बराच काळ मुलांच्या पिशवींत सफरचंदें, शेंगदाणे, घरीं केलेले लाह्यांचे लाडू, नाणीं, असें नाना प्रकारचें सामान पडत असे. पुढें अनोळखी घरांतून मिळालेल्या खाऊंत विष किंवा पातीं असतात अशी भीति पसरली. १९७४ सालीं टेक्सास संस्थानांत एक मुलगा हॅलोविनच्या विषारी खाऊनें मेला तेव्हां ही भीति खरी ठरल्यासारखी वाटली. पण न्यायालयांत सिद्ध झालें तें असें कीं, विम्याच्या पैशाकरितां तें विष खुद्द बापानेंच घातलें होतें. जोएल बेस्ट व जेराल्ड होरिउची यांनीं १९५८ पासूनच्या वृत्तपत्रांतील वार्ता तपासून १९८५ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. परक्या माणसानें वांटलेल्या खाऊनें एखादें मूल मेल्याचें किंवा त्यास गंभीर इजा झाल्याचें एकही उदाहरण त्यांस मिळालें नाहीं. परंतु तोंपर्यंत निवड होऊन गेली होती. घरचा लाडू हद्दपार झाला होता आणि कारखान्याच्या मोहोरेचें पुडकें तेवढें विश्वासास पात्र ठरलें होतें. शेजाऱ्याच्या हातापेक्षां न पाहिलेल्या यंत्रावर लोकांचा भरंवसा अधिक बसला, ही त्या बदलांतील खरी घटना होय.

आमच्याकडे याच्या अगदीं उलट टोंकाचें उदाहरण आहे, तें भुलाबाईच्या खिरापतीचें. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भांत व खानदेशांत मुली भुलोबा-भुलाबाईच्या मूर्ति मांडून घरोघर गाणीं म्हणतात, आणि शेवटीं त्या घरची खिरापत ओळखतात. झांकलेला डबा हालवून दाखवितात. खडखडला तर फुटाणे, शेंगदाणे, लाह्या यांचीं नांवें निघतात. आवाज आला नाहीं तर वाटली डाळ, शिरा, उसळ असे तर्क चालतात. गोड कीं तिखट, असें विचारून मुली एकेक पदार्थ बाद करीत जातात. येथें खाऊ निवडतांना घरच्या बाईची बुद्धि पणास लागते. पदार्थ महागडा असून उपयोग नसतो. तो ओळखतां न येणारा असावा लागतो. दोन पदार्थ एकत्र करून मुलींस हरविणारी गरीब घरची बाई त्या दिवशीं श्रीमंतिणीहून वरचढ ठरते. पैशाची चढाओढ टाळण्याची याहून चतुर युक्ति क्वचितच कोणी योजली असेल. अमेरिकेंत वसलेलीं मराठी कुटुंबें ऑक्टोबरांत भोंडल्याची खिरापत करतात आणि महिनाअखेर हॅलोविनकरितां पुडक्यांची परडीही दाराशीं ठेवतात; एकाच महिन्यांत हे दोन स्वभाव त्यांच्या घरांत शेजारीं शेजारीं नांदतात.

तान्ह्या पोळ्याचा बोजारा या दोहोंच्या मध्यें कोठें तरी उभा आहे. चार आण्यांचें नाणें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें, आणि लहान नाण्याची सद्दी संपली तसतशी हातावर चॉकलेट ठेवण्याची रीत वाढली. त्याबरोबर दुसराही प्रकार वाढला आहे. लाकडी बैल मोठे व महाग होत चालले. त्यांच्या सजावटीच्या स्पर्धा होतात. आणि दाराशीं आलेलें मूल आपल्या गल्लींतील कीं परक्या वस्तींतील, याचा विचार देणाऱ्याच्या मनांत शिरूं लागला. ओळखीच्या मुलास भारी चॉकलेट, अनोळखी मुलास सुटी गोळी, अशीं दोन ताटें दाराआड ठेवण्याचा मोह होतो. मातीचा बैल घेऊन आलेलें मूल हा भेद तत्काळ ओळखतें. मुलांस अर्थशास्त्र कळत नसलें तरी शेजाऱ्याच्या मुठींत काय पडलें हें त्यांना बरोबर दिसतें.

येथें बोजाऱ्याचा मूळ अर्थ उपयोगी पडतो. मेहेरबानी असेल तर ती माणूस पाहून कमीजास्त करतां येते. येणें असेल तर तसें करतां येत नाहीं. बैल धरून आलेल्या गड्याचें नातेंगोतें पाहून पूर्वीं बोजारा ठरत नसे. बैल आला, ओंवाळला, बोजारा दिला, एवढाच व्यवहार होता. तेंच मुलांच्या बाबतींत पाळलें पाहिजे. खाऊ एकच असावा व सर्वांस सारखा असावा. तो इतका थोर नसावा कीं पुढच्या घरच्या बाईस लाज वाटावी. घरीं करतां येत असेल तर घरींच केलेला असावा, कारण विश्वास हाही न वापरला तर झिजणारा पदार्थ आहे. आणि तो परडींतून उचलावयास न लावतां, बैलाला ओंवाळून, मुलाच्या हातीं द्यावा.

याहून मोठी एक गोष्ट उरते. इंग्लंडांत भाकरी मुलांच्या हातीं गेली आणि ती पूर्वीं ज्यांची होती त्या गरिबांची आठवण पुसली. आमच्याकडेही बैलांची जागा ट्रॅक्टर घेत आहे, सालदार दुर्मिळ होत आहे, आणि ज्या कापसाच्या मुलखांत पोळ्याचें तोरण बांधलें जातें तेथील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता गेलीं कित्येक वर्षें थांबलेल्या नाहींत. अशा काळीं बोजारा हा केवळ चॉकलेटाचा प्रतिशब्द होऊन बसला, तर एका जुन्या कबुलीची शेवटची खूण नाहींशी होईल. मुलाच्या हातावर खाऊ ठेवतांना, बोजारा आधीं कोणास मिळत असे व कां मिळत असे, एवढें त्याला दोन वाक्यांत सांगावयास फार वेळ लागत नाहीं. आणि जेथें अजून खरा बैल खऱ्या माणसाबरोबर दाराशीं येतो, तेथें त्या माणसाचा बोजारा मुलांच्या खाऊच्या आधीं काढून ठेवलेला असावा.