सेसार मोरालेस नावाचा पाहुणा

तुम्ही मनिलात उतरता तेव्हा साठचं दशक नुकतंच सुरू झालं आहे. पाऊस थांबलाय, पण हवा इतकी दमट की सदरा पाठीला चिकटलाय. 'लकी 13' नावाच्या बिलियर्ड हॉलमध्ये शिरा. छताचा पंखा फिरतोय, पण त्याचा वारा टेबलापर्यंत पोचत नाही. टेबलावरच्या कापडानं ओलावा धरलाय, त्यामुळे चेंडू रेंगाळत सरकतात आणि लांबचा फटका मारायचा तर मनगटात जोर लागतो. खेळताहेत दोघं, पैजा लावणारे त्यांच्या कितीतरी पट.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी कोका-कोलाच्या लाकडी खोक्यावर उभा राहून एक पोरगा नेम धरतोय. खोक्याशिवाय त्याचा हात पोचतच नाही. फटका मारला की खाली उतरायचं, खोकं सरकवायचं, पुन्हा चढायचं. हा एफ्रेन रेयेस. जन्म 26 ऑगस्ट 1954, पाम्पांगा प्रांतातला. पाच वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला मनिलात काकांकडे पाठवलं. हॉल झाडायचा, पडेल ते काम करायचं आणि रात्री गिऱ्हाईक गेलं की याच टेबलावर झोपायचं. हॉलमध्ये त्याच्याहून मोठा आणखी एक एफ्रेन आहे, म्हणून याला सगळे 'बाटा' म्हणतात. बाटा म्हणजे पोरगा. तो खेळायला शिकतोय ते बघून बघून. कोणी त्याला धडे देत नाही.

इथे थोडं थांबा. हे लोक खेळताहेत तो प्रकार नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. याला रोटेशन म्हणतात. टेबलावर 1 ते 15 आकड्यांचे चेंडू. ज्या चेंडूवर जो आकडा तेवढे गुण. सगळ्यांची बेरीज 120, म्हणून 61 गुण मिळाले की डाव जिंकला. पण अट अशी की टेबलावर उरलेल्यांपैकी सगळ्यात लहान आकड्याच्या चेंडूलाच पांढरा चेंडू आधी लागला पाहिजे. पंधरा चेंडूंच्या गर्दीत तो नेमका कुणाच्या तरी मागे दडलेला असतो. सरळ वाट नसतेच. मग टेबलाच्या काठावरच्या रबरी पट्टीवर, म्हणजे कुशनवर, आपटून, कधी एका, कधी दोन, कधी तीन कुशनांवरून वळसा घालून त्याला गाठायचं. चाळीच्या गॅलरीत कॅरम खेळून तुम्ही मोठे झाला असाल तर रिबाउंड मारणारा हात तुम्हाला ओळखू येईल. फरक एवढाच, की इथे तो क्वचित वापरायचा डाव नाही, रोजचीच चाल आहे. शिवाय पॉकेट नसलेल्या टेबलावरचं कॅरम बिलियर्ड्सही हा पोरगा खेळतो, आणि त्यात तर कुशनांवरचे कोन हाच सगळा खेळ.

आता पंधरा-वीस वर्षं पुढे या. सत्तरचं दशक सरतंय. पोरगा मोठा झालाय आणि त्याच्यापुढे अडचण उभी आहे. मनिलात त्याच्याशी बरोबरीनं पैसे लावून खेळायला कोणी तयार होत नाही. तो समोरच्याला गुणांची सवलत देतो, मग जास्त सवलत देतो, मग हास्यास्पद वाटावी इतकी देतो. तरी माणसं टेबलापासून मागे सरकतात. बिलियर्ड हॉलमध्ये नाव झालं की लोक कौतुक करतात आणि त्याच दिवसापासून खेळणं टाळतात.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गावातला सर्वोत्तम खेळाडू होणं याला आपण यश म्हणतो, हार घालतो. प्रत्यक्षात त्या जागी पोचलेल्याची वाढ तिथेच थांबते. रोज आपल्यापेक्षा कच्च्या माणसाशी खेळलं की चूक खपून जाते, आणि खपलेली चूक हातात मुरते. एफ्रेनला हे कोणी समजावलं की त्याचं त्याला उमगलं, हे महत्त्वाचं नाही. फिलिपिन्सचाच खेळाडू होसे पारिका त्याच्याआधी अमेरिकेत जाऊन तिथल्या लोकांशी खेळून आलाय. वाट कुठली ते दिसतंय.

वर्ष 1985. तुम्ही टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात आहात, 'रेड्स' नावाच्या पूल हॉलमध्ये. सिगारेटच्या धुरात दिव्यांचे पट्टे तेवढे स्पष्ट दिसताहेत. नाइन-बॉलची खुली स्पर्धा आहे. एकेका टेबलावर अशी माणसं वाकली आहेत की ज्यांचं पोट वर्षानुवर्षं याच काठीवर चाललंय. नावांच्या यादीत एक नाव आहे सेसार मोरालेस. फिलिपिन्सचा आहे म्हणे. अंगानं किरकोळ, चेहऱ्यावर ओशाळं हसू, मधूनच डोकं खाजवतो.

तुम्हाला तो कोण आहे हे ठाऊक आहे. बोलू नका. एफ्रेन रेयेस हे नाव त्याच्याआधी अमेरिकेत पोचलंय, आणि ते नाव ऐकलं की इथलेही लोक मनिलातल्यांसारखेच मागे सरकतील. नावानं जे दार बंद केलं ते उघडायला त्यानं नाव उतरवून ठेवलंय. यात लबाडी आहे, हे मी नाकारत नाही. समोरच्याच्या खिशातले पैसे खरे असतात. पण त्यातली भूकही बघा. या माणसाला कोणीतरी आपल्याविरुद्ध जीव लावून खेळायला हवंय.

खेळ सुरू होतो. नऊ चेंडू, इथेही सगळ्यात लहान आकडा आधी, आणि जो 9 पॉकेटमध्ये घालेल त्याचा डाव. पूर्वी अमेरिकेत या खेळाला सैल नियम होते. पांढरा चेंडू अडकला तर तो मोकळ्या जागी ढकलून सुटका करून घेता येई. आता एका फाउलची शिक्षा कडक होत चालली आहे: चूक केलीत की पांढरा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात, तो टेबलावर हवा तिथे ठेवेल. म्हणून इथले जाणते खेळाडू फटका बसणार नाही असं दिसलं की पांढरा चेंडू कशाच्या तरी आड लपवतात आणि निवांत खुर्चीत जाऊन बसतात. समोरचा चाचपडेल, फाउल करेल, आपण उठून टेबल साफ करू. हा हिशेब आजवर चुकलेला नाही.

समोर बसलेल्या माणसाकडे पाहा. त्यानं नुकताच पांढरा चेंडू 7 च्या मागे चिकटवून ठेवलाय. मोरालेस टेबलाभोवती एक फेरी मारतो. डोकं खाजवतो. वाकतो. पांढरा चेंडू एका कुशनवर, तिथून दुसऱ्या कुशनवर, आणि परत येऊन दडलेल्या चेंडूला अचूक लागतो. नुसता लागत नाही, त्याला पॉकेटकडे नेतो. खुर्चीतला माणूस अर्धवट उठतो, पुन्हा बसतो. त्याला वाटतं नशीब असेल. पुढच्या डावात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं की त्याचा चेहरा बदलतो. त्यानं आयुष्यभर ज्याला भिंत मानलं तिथून हा माणूस चालत बाहेर येतो. लकी 13 मधल्या गर्दीच्या टेबलावर रोज जे पोटासाठी करावं लागलं, ते इथे जादू दिसतंय. पुढे जग त्याला 'द मॅजिशियन' म्हणेल.

मोरालेस स्पर्धा जिंकतो. खरं नाव मग फार दिवस झाकून राहत नाही.

यानंतर अमेरिकन खेळाडूंपुढे दोनच वाटा होत्या: त्याला टाळायचं, किंवा त्याच्यासमोर उभं राहून हरायचं आणि शिकायचं. बऱ्याच जणांनी दुसरी वाट धरली, हे त्यांचं मोठेपण आहे. 1994 मध्ये रेयेस यूएस ओपन नाइन-बॉल जिंकतो. अमेरिकेबाहेरचा पहिला विजेता. अंतिम सामन्यात समोर निक वार्नर असतो, अमेरिकेतल्या सगळ्यात चिवट खेळाडूंपैकी एक.

आता हाँगकाँग, 1996. सामन्याचं नाव 'द कलर ऑफ मनी', एका सिनेमावरून घेतलेलं. तीन दिवस, नाइन-बॉल, जो आधी 120 डाव जिंकेल त्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. रेयेससमोर अर्ल स्ट्रिकलंड आहे, नॉर्थ कॅरोलिनाचा. याच वर्षी डॅलसमध्ये त्यानं ओळीनं 11 डाव ब्रेकपासून, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यापासून, शेवटपर्यंत एकहाती काढलेत, आणि अशा कामगिरीवर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलेलं होतं. त्याचा ब्रेक बसला की समोरच्यानं खुर्चीतून उठायचं कारणच उरत नाही.

तुम्ही प्रेक्षकांत बसा आणि आकडे बघत राहा. स्ट्रिकलंड पुढे जातो. आणखी पुढे. एका टप्प्यावर फरक 17 डावांचा होतो. रेयेसच्या चेहऱ्यावर तुम्ही घाबरल्याची खूण शोधाल, सापडणार नाही. लहानपणापासून तो अशाच ठिकाणी खेळलाय जिथे समोरच्याला आधीच भरमसाट गुण देऊन टाकलेले असतात. मागून सुरुवात करणं हीच त्याची नेहमीची सुरुवात. मनिलानं त्याला दिलेली ही दुसरी विद्या, आणि ती कुशनांच्या कोनांइतकीच मोलाची आहे असं मला वाटतं.

तो एकेक डाव परत मिळवत जातो. स्ट्रिकलंड तापट आहे, ब्रेक बसला नाही की टेबलाला, प्रकाशाला, प्रेक्षकांना दोष देतो. रेयेस पांढरा चेंडू आडोशाला नेऊन ठेवतो आणि वाट बघतो. हीच युक्ती ह्यूस्टनमध्ये त्याच्यावर वापरली गेली होती. आता ती त्याच्या हातात आहे. फरक घटत घटत संपतो. शेवटचा आकडा 120-117. जिंकतो तो मनिलाचा माणूस. पण स्ट्रिकलंडनं त्याला इतकं मागे रेटलं नसतं, तर रेयेस काय करू शकतो हे जगाला एवढं स्पष्ट दिसलं नसतं. त्या तीन दिवसांचं श्रेय दोघांचं आहे.

पुढचं झरझर बघा. 1999, कार्डिफ: रेयेस नाइन-बॉलचा जगज्जेता. 2006: रॉनी अल्कानो. 2010: फ्रान्सिस्को बुस्तामांते. 2017: कार्लो बियाडो. सगळे फिलिपिन्सचे. अमेरिकेच्या बाजूनं स्ट्रिकलंड 2002 मध्ये जगज्जेता झाला. त्यानंतर पुढचा अमेरिकन, शेन व्हॅन बोनिंग, थेट 2022 मध्ये.

त्याच 2022 च्या मे महिन्यात तुमचा शेवटचा थांबा आहे: हनोई, आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा. प्रकार एक-कुशन कॅरम बिलियर्ड्स. रेयेस 67 वर्षांचा आहे. परक्या देशातले प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवताहेत. उपांत्यपूर्व फेरीत तो यजमान व्हिएतनामच्या खेळाडूकडून हरतो आणि पदकाविना परततो. घरी बसून मान मिळवण्याइतकं त्यानं केव्हाच कमावलेलं होतं. तरी नाव नोंदवलं, तेही या वेळी स्वतःचं खरं नाव.