ताकासारखे द्रावण, पोलादासारखे सूत

नवी मुंबईतून पनवेल ओलांडून पुढे गेले, म्हणजे रसायनीनजीक पाताळगंगा नदी लागते. तिच्या परिसरात १९८२ साली रिलायन्सचा पॉलिएस्टर सुताचा कारखाना सुरू झाला. त्याची विद्या अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीकडून आली होती. या सुताची वस्त्रे घरोघर पोहोचली. परंतु याच पॉलिएस्टरच्या कुळात पोलादाशी स्पर्धा करणारे एक भावंड आहे, हे ती वस्त्रे नेसणाऱ्यांस क्वचितच ठाऊक असते.

द्रव म्हणजे अव्यवस्था आणि स्फटिक म्हणजे शिस्त, या समजुतीला पहिला धक्का १८८८ साली बसला. प्राग येथे रायनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास असा पदार्थ आढळला, की जो १४५ अंशांवर वितळून गढूळ होई आणि १७८ अंशांपुढे नितळ. त्या गढूळ अवस्थेत रेणू वाहत असूनही रांगेत राहतात. हाच द्रवस्फटिक होय.

१९६५ साली ड्यूपाँच्याच प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या विदुषी टायरांसाठी हलके व बळकट सूत शोधीत होत्या. सुताचे द्रावण काकवीसारखे दाट असावे, हा तेथील परिपाठ. त्यांचे द्रावण मात्र ताकासारखे पातळ व गढूळ! यंत्राची सूक्ष्म छिद्रे तुंबतील, या भीतीने यंत्र चालविणारा सहकारी ते घेईना. बाईंनी हट्ट सोडला नाही. जे सूत निघाले, त्याच्या ताठरपणाने सर्वच थक्क झाले. केव्हलारचा जन्म याच वाटेने झाला.

केव्हलारची अडचण ही, की तापविल्यास ते वितळण्याआधीच विघटन पावते. साच्यात ओतता येईल अशी राळ हवी होती. १९७६ साली टेनेसी ईस्टमन कंपनीतील जॅक्सन व कुहफस यांनी नेहमीच्या पॉलिएस्टरच्या लवचिक साखळीत ताठ दुवे गुंफल्याचे संशोधन प्रसिद्ध केले. असा रस साच्यात वाहू लागला, की रेणू पुरातील ओंडक्यांप्रमाणे प्रवाहाच्या दिशेस वळतात आणि पदार्थ स्वतःच स्वतःला बळकटी आणतो.

पण बळ एकाच दिशेने. आडवा ताण येताच तो बांबूप्रमाणे उभा चिरतो. म्हणून त्यात काचेचे तंतू मिसळण्यात आले. मातीच्या भिंतीत पेंढा घालतात तो बळकटीसाठी. येथे तंतूंनी रेणूंची अतिरेकी शिस्तही थोडी मोडावयाची असते. भ्रमणध्वनीतील नखाहून लहान जोडण्या अशाच तंतुमिश्रित राळेच्या केल्या जातात, आणि डाख देतानाची उष्णता सोसूनही त्या वाकत नाहीत.